डिजिट: गोदामात चालणारा यंत्रमानव आणि त्याच्याभोवतीचे कुंपण

अजिलिटी रोबोटिक्स या अमेरिकी कंपनीचा ‘डिजिट’ हा दोन पायांचा यंत्रमानव सध्याच्या मानवाकृती यंत्रांमध्ये मला सर्वांत गांभीर्याने घेण्याजोगा वाटतो. नाचणारे, कोलांटी मारणारे आणि बीजिंगच्या रस्त्यावर अर्धमॅरेथॉन धावणारे रोबो गेल्या दोन-तीन वर्षांत आपण सर्वांनी फोनवर पाहिले आहेत. डिजिटच्या चित्रफितीत मात्र पाहण्यासारखे फारसे काही घडत नाही. तो एका ठिकाणचा प्लॅस्टिकचा क्रेट उचलतो, चार पावले चालतो, तो क्रेट कन्व्हेअरवर, म्हणजे माल पुढे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, ठेवतो आणि पुन्हा मागे फिरतो. हेच एक काम तो एका ग्राहकाच्या चालू गोदामात, विक्रीच्या खऱ्या मालावर करत आला आहे, आणि म्हणूनच त्याचे परीक्षण एखाद्या प्रयोगाचे न करता विकाऊ वस्तूचे करावे, असे मला वाटते. माझा व्यवसाय गोदामांची आखणी करण्याचा आणि माल हाताळणीची यंत्रणा सुचवण्याचा आहे. हे यंत्र मी स्वतः चालवलेले नाही. कंपनीने आणि तिच्या ग्राहकांनी जाहीर केलेली माहिती, कामाच्या चित्रफिती आणि सुरक्षिततेची मानके यांच्या आधारे, खरेदीचा सल्ला देणाऱ्याच्या नजरेने मी हे लिहीत आहे.

डिजिटची उंची साधारण 175 सेंटिमीटर आणि वजन सुमारे 65 किलो आहे, म्हणजे अंगकाठीने तो मध्यम बांध्याच्या माणसाएवढाच आहे. तो 16 किलोपर्यंतचे ओझे उचलतो. आजूबाजूचे पाहण्यासाठी त्याच्यावर लिडार (लेझरच्या किरणांनी अंतर मोजणारे साधन) आणि खोली मोजणारे कॅमेरे आहेत, आणि अंगाचा कल समजण्यासाठी आत जडत्वमापक बसवलेला आहे. हाताला पाच बोटे नाहीत. क्रेटच्या दोन्ही बाजू दाबून धरता येतील असे साधे पंजे आहेत. हा निर्णय मला अतिशय योग्य वाटतो. माणसासारखी बोटे करायची म्हटली की प्रत्येक बोटाला मोटर, प्रत्येक सांध्याला सेन्सर आणि तितक्याच बिघाडाच्या जागा वाढतात, आणि क्रेट उचलायला त्यांतल्या एकाचीही गरज नसते.

त्याचे पाय मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याचे गुडघे उलट्या बाजूला वाकल्यासारखे वाटतात, आणि त्याचे मूळ पक्ष्यांच्या अभ्यासात आहे. ऑरेगन स्टेट विद्यापीठात जोनाथन हर्स्ट आणि त्यांचे सहकारी जमिनीवर धावणारे पक्षी तोल कसा सांभाळतात याचा अभ्यास करत होते. त्यातून आधी ‘ॲट्रियास’ आणि नंतर, 2017 मध्ये, ‘कॅसी’ हा नुसत्या दोन पायांचा रोबो तयार झाला. कॅसी हे नाव कॅसोवरी या न उडणाऱ्या पक्ष्यावरून ठेवलेले आहे. त्याच संशोधनातून 2015 मध्ये अजिलिटी ही कंपनी उभी राहिली होती. 2021 मध्ये कॅसीने विद्यापीठाच्या आवारात 5 किलोमीटरचे अंतर एकाच चार्जिंगवर 53 मिनिटांच्या आसपास पूर्ण केले. त्या धावेत तो दोनदा पडला: एकदा संगणक तापल्यामुळे आणि एकदा वळण फार वेगाने घ्यायला सांगितल्यामुळे. पडण्याची कारणे संशोधकांनी निकालासोबतच सांगून टाकली, आणि माझ्या लेखी ती वेळेच्या आकड्यापेक्षा अधिक मोलाची आहेत. 2022 मध्ये याच कॅसीने 100 मीटर 24.73 सेकंदांत धावून दोन पायांच्या रोबोंचा विक्रम केला. डिजिट हा याच घराण्यातला आहे. मागे वाकणाऱ्या सांध्याचा गोदामात एक प्रत्यक्ष लाभ होतो: रॅकसमोर खाली वाकताना माणसाचे गुडघे पुढे येऊन रॅकला आपटतात, डिजिटचा सांधा मागे जातो, आणि त्यामुळे त्याला खालच्या कप्प्याच्या अगदी जवळ उभे राहून ओझे अंगालगत धरता येते.

क्रेट हलवायचेच असतील तर पायांची गरज काय, हा प्रश्न माझ्या क्षेत्रातला कोणताही माणूस पहिल्यांदा विचारील, आणि तो रास्त आहे. ज्याला नवे गोदाम बांधायचे आहे त्याने कन्व्हेअर, रॅकमध्ये मालाची ने-आण करणारी शटल आणि चाकांच्या स्वयंचलित गाड्या यांवरच पैसे खर्च करावेत; त्यांचा वेग अधिक आहे, बिघाड कमी आहेत आणि दुरुस्ती करणारी माणसे सहज मिळतात. पायांचा विचार करायचा तो जुन्या, माणसांसाठी बांधलेल्या जागेत. तिथे रॅकमधल्या वाटा अरुंद असतात, कन्व्हेअरची उंची माणसाच्या कमरेच्या हिशेबाने ठरलेली असते, आणि एका यंत्रणेचे तोंड दुसरीला जुळत नाही म्हणून मध्ये माणूस उभा करून क्रेट इकडून तिकडे करावे लागतात. चाकांच्या यंत्राने खांद्याच्या उंचीवर 16 किलो पुढे धरायचे तर ते उलटू नये म्हणून त्याचा तळ रुंद आणि जड करावा लागतो, आणि मग ते त्या वाटेत मावत नाही. तळ अरुंद ठेवून उंच वाढायचे असेल तर तोल सतत सावरत राहावा लागतो. डोक्यावर भरला हंडा घेऊन चालणारी बाई प्रत्येक पावलाला कंबर जशी किंचित हलवते, तसेच काहीसे डिजिटचे धड क्रेट हातात आल्याबरोबर मागे झुकते. पुढे आलेले वजन तो मागे कलून तोलतो. त्याची चित्रफीत सावकाश करून पाहिली, तर क्रेट टेकण्याच्या आधल्या क्षणी धडाचा हा झुकाव हळूहळू निघून जाताना स्पष्ट दिसतो, आणि मला या यंत्रातले सर्वांत देखणे काम हेच वाटते.

या टप्प्यावर येण्याआधी कंपनीने एक वाट सोडून दिली आहे. 2019 मध्ये फोर्डबरोबर केलेल्या प्रयोगात डिजिट चालकविरहित गाडीच्या मागच्या भागात घडी होऊन बसे आणि घराच्या दारापर्यंत पार्सल नेऊन ठेवी. दाराशी पायऱ्या असतात, कुत्री असतात, ओले गवत असते, मुले असतात. तो बेत बाजूला पडला आणि डिजिट गोदामाच्या सपाट, उजेड असलेल्या, ओळखीच्या जमिनीवर आला. 2023 मध्ये ॲमेझॉनने सिॲटलजवळच्या आपल्या केंद्रात रिकामे क्रेट परत फिरवण्यासाठी त्याची चाचणी सुरू केली. त्याच वर्षाच्या अखेरीस जीएक्सओ या मालवाहतूक कंपनीने जॉर्जिया राज्यातल्या फ्लॉवरी ब्रँच येथील गोदामात तो आणला, आणि जून 2024 मध्ये तिथे अनेक वर्षांचा करार झाला. या गोदामात स्पँक्स या ब्रँडचे कपडे हाताळले जातात. मालाने भरलेले क्रेट घेऊन स्वयंचलित गाड्या येतात, डिजिट त्यांवरचे क्रेट उचलून कन्व्हेअरवर ठेवतो, आणि कोणत्या वेळी कोणते यंत्र काय करील याचा मेळ कंपनीची ‘आर्क’ ही संगणकप्रणाली घालते. यंत्र विकत न देता सेवा म्हणून, भाडेपद्धतीने दिलेले आहे, आणि मानवाकृती रोबोची पहिली व्यापारी नेमणूक म्हणून हीच ओळखली जाते.

आता कामगिरीकडे वळतो. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीने जाहीर केले की फ्लॉवरी ब्रँचमध्ये डिजिटने एक लाखाहून अधिक क्रेट हलवले आहेत. हा टप्पा खरोखर मोठा आहे, कारण एक लाख वेळा वाकणे, पकडणे, चालणे आणि ठेवणे हे प्रदर्शनातल्या पाच मिनिटांत शिकता येत नाही. परंतु खरेदीदाराने भागाकार करून पाहावा. करारापासून तोवर साधारण सतरा महिने झाले होते. महिन्याचे बावीस कामाचे दिवस धरले तर दिवसाला सरासरी 270 च्या आसपास क्रेट पडतात. कामाला सरावलेला माणूस एवढे क्रेट एका पाळीच्या लहानशा भागात हलवतो. सुरुवातीचे जुळवाजुळवीचे दिवस, कामाचा चढउतार आणि मुळात त्या जागेवर येणारे क्रेटच मर्यादित असणे, हे सारे या सरासरीत मिसळलेले आहे, त्यामुळे तिला यंत्राचा वेग समजणे चूक ठरेल. तरीही माणसाच्या पाळीची जागा पूर्णपणे भरून काढणारे यंत्र म्हणून त्याच्याकडे पाहण्याची वेळ अजून आलेली नाही, एवढा निष्कर्ष या आकड्यातून निघतो. ऑरेगनमधील सेलम येथे कंपनीने कारखाना उभारला, तेव्हा वर्षाला दहा हजार यंत्रे बनवण्याची क्षमता जाहीर केली होती. ती क्षमता वापरात येण्याएवढी मागणी हवी असेल, तर आधी याच भागाकाराचे उत्तर वाढावे लागेल.

बॅटरी हा जुन्या आवृत्तीतला कच्चा दुवा होता. मार्च 2025 मध्ये कंपनीने चार तासांपर्यंत चालणारी बॅटरी आणि चार्जिंगच्या जागी स्वतः जाऊन जोडून घेण्याची सोय जाहीर केली. आठ तासांच्या पाळीचा विचार केला तर हेही अपुरेच आहे, मात्र आळीपाळीने चालणारी दोन यंत्रे ठेवली तर काम अडत नाही. खर्च अर्थातच त्या प्रमाणात वाढतो.

या यंत्राविषयी मला सर्वांत अधिक सांगायचे आहे ते सुरक्षिततेबद्दल. मानवाकृती रोबोची सगळी जाहिरात ‘माणसांच्या बरोबरीने काम करणारा’ या शब्दांवर उभी आहे, आणि ज्या गोदामात तो खरोखर काम करतो तिथे त्याचे काम माणसांपासून वेगळ्या आखलेल्या कक्षात चालते. माणूस त्या कक्षात शिरला तर यंत्राने थांबले पाहिजे, हा नियम. कंपनीने हे लपवलेले नाही, उलट माणसाशेजारी सुरक्षितपणे वावरेल अशी पुढची आवृत्ती हेच आपले ध्येय असल्याचे ती सांगत आली आहे. पण हे कुंपण का आहे, ते समजून घेतल्याशिवाय कोणीही असे यंत्र आपल्या कामगारांमध्ये सोडू नये.

कारखान्यातला वेल्डिंगचा रोबो जमिनीला बोल्टने जखडलेला असतो. धोका दिसला की लाल बटण दाबायचे, वीज तुटते, ब्रेक लागतात आणि हात होता तिथे थांबतो. औद्योगिक सुरक्षेची मूळ कल्पना हीच आहे की वीज नसलेले यंत्र निर्धोक असते. दोन पायांवर उभ्या यंत्राला ही कल्पना लागू पडत नाही. त्याचा तोल प्रत्येक क्षणी मोटरच सांभाळत असतात, म्हणून वीज तोडली की 65 किलोचा सांगाडा, हातात ओझे असेल तर त्यासह, खाली कोसळतो, आणि कोणत्या बाजूला कोसळेल हे आधी सांगता येत नाही. बटण दाबणारा माणूस बहुधा जवळच उभा असतो, म्हणजे ज्याला वाचवायचे त्याच्याच अंगावर यंत्र पडण्याची शक्यता निर्माण होते.

विद्युत सुरक्षेच्या मानकांत थांबण्याचे तीन प्रकार आहेत. शून्य प्रकारात वीज तत्काळ तुटते. पहिल्या प्रकारात यंत्र आधी नियंत्रित रीतीने थांबते आणि मग वीज तुटते. दुसऱ्या प्रकारात यंत्र थांबते पण वीज चालू राहते. डिजिटच्या 2025 च्या आवृत्तीत कंपनीने पहिल्या प्रकारचे थांबणे, सुरक्षेसाठी वेगळा नियंत्रक आणि आपत्कालीन थांब्याची सोय दिलेली आहे, आणि दिशा म्हणून ती अगदी बरोबर आहे. मात्र नियंत्रित रीतीने थांबायला काही वेळ लागतो, आणि तो वेळ किती, त्या वेळात यंत्र किती पुढे सरकते, तोल आधीच गेलेला असेल तर काय होते, या प्रश्नांच्या उत्तरांवर कुंपणाची रुंदी ठरते. औद्योगिक रोबोंसाठीचे आयएसओ 10218 हे आंतरराष्ट्रीय मानक 2025 मध्ये सुधारून आले. ते प्रामुख्याने स्थिर पायावर बसवलेल्या यंत्रांचा विचार करते. सतत तोल सावरणाऱ्या रोबोंसाठी आयएसओ 25785-1 या क्रमांकाने वेगळ्या मानकाचे काम हाती घेतलेले आहे आणि अजिलिटीची माणसे त्या चर्चेत उघडपणे भाग घेत आली आहेत. आपल्याच यंत्राच्या मर्यादेचे नियम लिहायला पुढे येणाऱ्या कंपनीविषयी माझ्या मनात आदर आहे. चित्रफितीत रोबोला लाथ मारून तो पडत नाही एवढेच दाखवणाऱ्यांपेक्षा हा मार्ग संथ आहे, आणि कामगाराच्या दृष्टीने तोच विश्वासाचा आहे.

2023 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात क्रेट हलवता हलवता एक डिजिट कोसळल्याची चित्रफीत जगभर फिरली आणि तिच्यावर पुष्कळ हसू झाले. मला ती चित्रफीत उपयुक्त वाटली, कारण तिच्यात पडण्याची पद्धत दिसते: पाय आधी ढिले होतात, धड आपल्या उंचीएवढ्या टापूत कोसळते आणि क्रेट त्याहून थोडा पुढे जातो. कुंपण कुठे घालायचे हे ठरवणाऱ्याला अशी दृश्ये यशस्वी प्रात्यक्षिकांहून अधिक शिकवतात.

एका लहान गोष्टीचे कौतुक राहून जाऊ नये. पहिल्या डिजिटला डोके नव्हते. 2023 मध्ये त्याला डोके आणि दिव्यांचे दोन डोळे मिळाले. कामासाठी त्याला त्यांची गरज नाही, त्याला दिसते ते सेन्सरमधून. डोळे आहेत ते समोरच्या माणसासाठी: यंत्र कोणत्या बाजूला वळणार आहे, हे त्यावरून आधी कळावे, एवढाच त्यांचा हेतू आहे. फोर्कलिफ्टच्या मागे लागणारा दिवा आणि वाजणारा बझर यांनी गोदामांतले कितीतरी अपघात टळले असतील, हे ज्यांनी तिथे काम केले आहे त्यांना सांगावे लागत नाही. यंत्राचा हेतू आधी कळणे ही सुरक्षेची पहिली पायरी आहे.

आपल्याकडच्या वाचकांना साहजिकच भिवंडी आणि चाकण आठवेल. तिथे डिजिट आणावा का, असे मला कोणी विचारले तर आज माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण केवळ मजुरीचा दर नाही. भिवंडीच्या अनेक गोदामांत जमीन उखडलेली असते, ट्रक लागतो त्या डॉकपाशी वेष्टनाच्या स्ट्रेच फिल्मचे तुकडे आणि स्ट्रॅपिंगच्या पट्ट्या पडलेल्या असतात, पावसाळ्यात शटरमधून पाणी आत येते, आणि माल एकसारख्या क्रेटमध्ये न येता गोणी, खोकी आणि गठ्ठे यांच्या मिश्रणात येतो. वाशीच्या बाजारसमितीत हमाल जी गोणी पाठीवर घेतात ती डिजिटच्या 16 किलोंच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे आहे, शिवाय गोणी हातात घेतल्यावर आकार बदलते आणि आतला माल सरकतो, जे या यंत्राच्या पंजांना मुळीच झेपणारे नाही. ओझी वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला; ज्या पाठींसाठी तो करावा लागला त्या पाठींवरचे ओझे या यंत्राने आज हलके होणार नाही. ते करायचे असेल तर गोणीचे वजन कमी करणे, डॉकची उंची ट्रकला जुळवणे आणि ट्रकच्या आतपर्यंत लांबवता येणारा साधा टेलिस्कोपिक कन्व्हेअर बसवणे, हे आजच करता येण्यासारखे उपाय आहेत आणि मी प्रत्येक मालकाला आधी तेच सुचवतो. ऑटोमोबाइल पट्ट्यातले जे थोडे कारखाने एकाच मापाचे प्लॅस्टिक क्रेट वापरतात आणि ज्यांच्या जमिनी खरोखर स्वच्छ व सपाट आहेत, त्यांनी मात्र या घडामोडींवर लक्ष ठेवावे.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात लिहितो. युनिट्री या चिनी कंपनीचा जी1 हा 2024 मध्ये 16,000 डॉलरच्या जाहीर किमतीला बाजारात आला आणि तो अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि प्रयोगशाळांना परवडण्याजोगा आहे. मात्र तो सव्वा-दीड मीटर उंचीचा, 35 किलोंच्या आसपासचा, शिकण्यासाठीचा रोबो आहे आणि त्याला गोदामातला कामगार समजू नये. फिगर आणि ॲपट्रॉनिक या अमेरिकी कंपन्यांची यंत्रे मोटार कारखान्यांत चाचणीला उतरली आहेत. बॉस्टन डायनॅमिक्सने 2024 मध्ये आपला हायड्रॉलिक ॲटलस निवृत्त करून विजेवर चालणारा नवा ॲटलस आणला, आणि हालचालीच्या सफाईत त्याला तोड नाही. परंतु एका ग्राहकाच्या एका जागी एकच काम दीर्घकाळ करून त्याचा आकडा समोर ठेवणे, या कसोटीवर डिजिट या सर्वांच्या पुढे आहे, आणि गोदामाचा व्यवसाय याच कसोटीवर चालतो.

जी कंपनी डिजिटसाठी करार करायला निघाली असेल, तिने प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या दालनात न पाहता आपल्याच जागेत, आपल्याच क्रेटवर आणि पूर्ण पाळीसाठी मागावे. त्या पाळीत किती क्रेट हलले, किती वेळा माणसाला मध्ये पडावे लागले आणि चार्जिंगमध्ये किती वेळ गेला, हे तिने स्वतःच्या सुपरवायझरकडून लिहून घ्यावे. मग यंत्र चालत असताना, 16 किलोंचा क्रेट हातात असताना आणि वळणाच्या मध्यावर असताना आपत्कालीन बटण दाबून दाखवायला सांगावे, ते थांबेपर्यंत किती अंतर सरकते ते टेपने मोजावे, आणि कक्षाची रेषा जमिनीवर त्या मापानंतरच आखावी.